चित्रासमोर कोण उभे आहे?

कोल्हापूरच्या एका चित्रकाराने १९१८ साली चक्क सिनेमाचा कॅमेरा तयार केला. परदेशी कॅमेरा आणवणे खिशाला परवडणारे नव्हते, म्हणून त्याने विलायती यंत्र डोळ्यांपुढे ठेवून घरच्या घरी लेथवर त्याचे सुटे भाग घडवले आणि त्यावर चित्रपट काढला. या चित्रकाराचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०. लाकूडकाम, कोरीवकाम, धातुकाम हे सारे घरातच होते. शाळा मात्र बेताची झाली. पुढे धंदा हेच आडनाव झाले आणि सगळा महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखू लागला.

तैलरंगांवर हुकमत असलेल्या, देवदेवतांची आणि माणसांची चित्रे सहज रंगवणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याची गरज का भासली? 'नव्या यंत्राची हौस' एवढ्या उत्तरावर भागत नाही. चित्रकाराच्या हाताबद्दल आणि नजरेबद्दल पुष्कळ लिहिले जाते, चित्रासमोर येऊन उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल फार थोडे. कोल्हापूरची गंमत अशी, की इथल्या चित्रकलेचा गेल्या सव्वाशे वर्षांचा प्रवास समोरच्या माणसाला वगळून सांगताच येत नाही. तो माणूस आधी राजवाड्यात होता, मग नाटकगृहात आला, तिथून तंबूतल्या सिनेमात गेला आणि शेवटी भर चौकात उभा राहिला. तो जसजसा बदलला, तसतसे चित्र बदलत गेले.

आश्रय एकाच माणसाचा

बाबूरावांच्या आधीच्या पिढीतले कोल्हापूरचे मोठे नाव आबालाल रहिमान. घरात हस्तलिखितांची, सुलेखनाची परंपरा होती. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि तिथे त्यांच्या रेखाटनांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. १८५७ साली स्थापन झालेल्या या शाळेत तेव्हा युरोपीय अकादमींची शिस्त होती. आधी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून रेखाटन करायचे, मग छायाप्रकाश आणि यथादर्शन शिकायचे आणि त्यानंतर जिवंत माणूस समोर बसवायचा. त्याच काळात शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. एकाच इमारतीत अथेन्सही होते आणि अजिंठाही होता.

ही दुहेरी शिदोरी घेऊन आबालाल कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले, पण त्यांचे मन दरबारी व्यक्तिचित्रांपेक्षा पाण्याच्या काठावर अधिक रमले. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा घाट ही त्यांची ठिकाणे. शाळेत शिकवतात तशी रंगाची गुळगुळीत घोटाई त्यांच्या निसर्गचित्रांत दिसत नाही. जवळ जाऊन पाहिले तर रंगांचे तुटक ठिपके आणि फटकारे दिसतात. चार पावले मागे सरकले की त्यांचेच पाणी होते, झाडी होते, सकाळचा ओला उजेड होतो. पॅरिसमध्ये जॉर्ज सरा ठिपक्याठिपक्यांनी चित्र बांधत होता, तोही साधारण हाच जमाना. आबालालांनी ते पाहिले होते असे मानण्याचे कारण नाही. पाण्यावरचा उजेड तासन् तास न्याहाळणाऱ्याला रंग तुटक लावावासा वाटतो, तो माणूस सीन नदीच्या काठी असो वा रंकाळ्याच्या.

पण हे चित्र पाहायला समोर कोण होते? स्वतः महाराज, त्यांच्या भोवतालची मोजकी मंडळी आणि काही शिष्य. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. तिच्यातले खरे किती आणि रंगवलेले किती, हा वाद बाजूला ठेवू. जनमनाला ती पटली, हे महत्त्वाचे. पाहणारा एकच होता. तो गेल्यावर चित्रांनी कुणासाठी राहायचे, हा प्रश्न त्या गोष्टीच्या पोटात आहे. आबालाल १९३१ साली निवर्तले.

पडद्याचे गणित

बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी वेगळे गिऱ्हाईक शोधले. तो संगीत नाटकांचा सुवर्णकाळ होता. शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर १९१५ साली उभे राहिले. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. नाटक मंडळ्यांना रस्ता, राजवाडा, जंगल, देऊळ असे पडदे लागत आणि या दोघा भावांच्या पडद्यांना मोठी मागणी होती. पडदा वर जाताच नटाच्या आधी पडद्यालाच टाळी पडावी, असे ते दिवस होते.

हा पडदा रंगवणे म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. मोठे जाड कापड ताणायचे आणि सरस व सफेती यांचा हात देऊन त्याची भूक मारायची, म्हणजे पुढचा रंग ते पिऊन टाकत नाही. रंग सरसाच्या पाण्यात कालवलेल्या पुडीचा. तो ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की उतरतो, त्यामुळे उद्या काय दिसेल ते आजच ओळखून हात चालवावा लागतो. पण खरी परीक्षा यथादर्शनाची. चित्रातला रस्ता दूर जाताना अरुंद होतो, दोन्ही बाजूंची घरे लहान होत जातात, सगळ्या रेषा क्षितिजावरच्या एका बिंदूत मिळतात आणि प्रेक्षकाला सपाट कापडात खोली दिसते. आता नायक बोलता बोलता पडद्याजवळ गेला, तर रंगवलेल्या घराचा दरवाजा त्याच्या कमरेला लागतो आणि सगळी मजा जाते! म्हणून नटाला पडद्यापासून लांब ठेवायचे आणि क्षितिजरेषा कुठे धरायची ते आधी ठरवायचे.

यात आणखी एक मेख आहे. यथादर्शनातले चित्र एकाच जागेवरून बिनचूक दिसते. युरोपातल्या दरबारी नाट्यगृहांत ही जागा राजाच्या आसनाची असे. नेपथ्यकार सगळ्या रेषा तिथून जुळवत. राजाला रस्ता सरळ दिसे आणि कडेच्या खुर्चीतल्याला तोच वाकडा. म्हणजे कोण कुठे बसणार आणि कुणाला नीट दिसणार, याचा निवाडाही चित्र काढण्याच्या रीतीतच होऊन जात होता.

सिनेमाने नेमकी इथे तोड काढली. कॅमेरा जिथे ठेवला, तीच पाहणाऱ्याची जागा. एकदा चित्रीकरण झाले की पुढच्या बाकावरचा हमाल आणि मागच्या खुर्चीतला वकील एकाच बिंदूवरून पाहतात. राजाच्या आसनावरून दिसणारे दृश्य चार-दोन आण्यांत कुणालाही मिळू लागले. पडद्यांवर वर्षानुवर्षे हे गणित सोडवलेल्या माणसांना कॅमेऱ्याचे महत्त्व इतरांपेक्षा लवकर कळले, यात नवल नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांनी सिनेमाचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी नेट सोडला नाही. विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने कॅमेरा पुरा झाला, गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली.

कीचक आणि सावकार

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांच्या मनात तिला आणखी एक पदर होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकात लोकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला होता आणि १९१० साली सरकारने ते नाटक बंद केले होते. तीच कथा आता शब्दांवाचून पडद्यावर आली. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके खरे वाटले, की पुढे त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

चित्रकार म्हणून त्यांची पाटी कोरी नव्हती. त्यांच्या आधी राजा रविवर्म्याने पुराणातल्या नायिकांना नऊवारी नेसवून घराघरांच्या भिंतींवर आणून ठेवले होते. मुंबईत १८९४ साली निघालेल्या त्याच्या छापखान्यातल्या रंगीत तसबिरींनी देवांना चेहरे दिले. सैरंध्री कशी दिसते, हे प्रेक्षकाला सिनेमा पाहण्याआधीच ठाऊक होते. बाबूरावांनी ती ओळखीची तसबीर घेतली आणि तिच्यात काळ सोडला. चित्रीकरणाआधी ते वेशभूषा, दागिने, देखावे, पात्रांच्या जागा स्वतः रेखाटून काढत. चित्राची चौकट, प्रकाश पडण्याची दिशा, अंधाराला दिलेली जागा हे सारे तैलचित्रातून आलेले होते. जाहिरातीसाठी चित्रमय पोस्टरही त्यांनीच काढली. 'कल्याण खजिना'चे १९२४ चे पोस्टर भारतीय सिनेमाच्या जपून राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी आहे.

१९२५ साली त्यांनी रविवर्म्याची वाट सोडली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा 'सावकारी पाश' हा साध्या कुणब्याचा चित्रपट. त्यात देव नाही, राजा नाही. कागदावर अंगठा उठतो, जमीन जाते, घर मोडते आणि तरणा शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजुरी करतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांची होती.

हा विषय हवेतून आलेला नव्हता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले आणि सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. कायदा झाला तरी पाश सुटला नव्हता. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या नागवणुकीवर लिहिले होते. बाबूरावांनी तीच नागवणूक दृश्यात मांडली. चित्रकलेच्या जागतिक इतिहासात याला जवळचे उदाहरण गुस्ताव कूर्बेचे. १८४९ साली त्याने रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर देवादिकांना देतात तेवढ्या मोठ्या आकारात रंगवले आणि पॅरिसची अभिरुची दुखावली. कूर्बेचे ते चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले, आज ते छायाचित्रांतूनच कळते. 'सावकारी पाश'च्या त्या मूक चित्रपटाचीही प्रत उरलेली नाही.

पुराणकथांना चटावलेल्या प्रेक्षकाने हा चित्रपट तितकासा उचलून धरला नाही. समोरचा माणूस ही चित्रकाराची ताकद असते, तशी ती त्याची मर्यादाही असते. ज्याचे दुःख रंगवले, तो तिकीट काढून स्वतःचे दुःख पाहायला येईलच असे नाही. तो चमत्कार पाहायला येतो आणि त्यात त्याचे चुकत नाही. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये 'प्रभात' काढली. तिथे दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' केला. दोघेही मुळात चित्रकार आणि बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. चमत्कार आणि कर्जबाजारी संसार एकाच चौकटीत बसवण्याची युक्ती त्यांना साधली. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला.

चौकातली मूर्ती

उत्तरायुष्यात बाबूराव चित्र-शिल्पाकडे परतले. त्यांची सर्वांत जास्त पाहिली गेलेली कलाकृती याच काळातली आहे. मात्र तिच्याकडे कलाकृती म्हणून पाहणारे थोडे.

कोल्हापुरात गव्हर्नर लेस्ली विल्सन याचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात तो विद्रूप करण्यात आला आणि तिथून हटला. रिकाम्या जागी छत्रपती शिवाजी महाराज आले पाहिजेत, असा ध्यास चित्रपट-दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी घेतला. बाबूरावांनी मूर्ती घडवली आणि १९४५ साली ती तिथे बसली. स्वातंत्र्याला अजून दोन वर्षे होती. तो चौक आजचा शिवाजी चौक. मोर्चा असो, विजयाची मिरवणूक असो वा निषेधसभा, कोल्हापूरकर तिथे जमतातच.

या शिल्पामागे कलेच्या इतिहासाचा एक अवघड प्रश्न उभा होता: महाराज दिसायचे कसे? सतराव्या शतकातली त्यांची बहुतेक लघुचित्रे एकचष्मी, म्हणजे एका बाजूने चेहरा दाखवणारी आहेत. काही काळ तर भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. ती चूक दूर करून व्हॅलेंटाइनच्या डच ग्रंथातले चित्र पुढे आणण्याचे श्रेय इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांचे. शिल्पकाराला एका बाजूवर भागवता येत नाही. त्याला चेहरा चहूबाजूंनी घडवावा लागतो. जिथे कागद गप्प आहे तिथे स्वतः बोलावे लागते.

पन्नास फुटी माणूस आणि त्यानंतर

महाराज दिसायचे कसे, हा प्रश्न पुढच्या पिढीत जी. कांबळे यांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. १९१८ साली जन्मलेल्या या कोल्हापूरच्या चित्रकाराने सिनेमाच्या बॅनरवर हात घडवला. 'दो आँखें बारह हाथ', 'मुगल-ए-आझम' अशा चित्रपटांची भव्य बॅनर त्यांच्या नावावर आहेत. बॅनर रंगवताना लहान चित्रावर चौकटी आखतात, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखतात आणि एकेक चौकट वर नेतात. परांचीवर उभे राहून डोळा रंगवताना नाक कुठे आहे ते दिसत नसते. चित्र फक्त रस्त्यावरच्याला दिसते. त्यामुळे सावलीत हिरवा-जांभळा, उजेडात नारिंगी असे उघडे, धिटाईचे फटकारे मारावे लागतात. आबालालांनी पाण्यासाठी वापरलेली तुटक रंगांची युक्ती इथे नटनट्यांच्या गालांवर आली. कांबळ्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पुढे महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. ते सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत पोहोचले. बॅनरवाल्या चित्रकाराने एका राज्याच्या मनातला चेहरा पक्का केला, हे कुठल्याही दालनातल्या चित्रकाराला साधले नसते.

दालनातल्या चित्रकाराची अडचण नेमकी उलटी. ठाण्यात राहणारे सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण घ्या. जन्म १९४९, शिक्षण वैद्यकाचे, व्यवसाय क्ष-किरणतज्ज्ञाचा. २००५ पर्यंत दिवसा माणसांच्या हाडांची चित्रे तपासायची आणि उरलेल्या वेळात माणसे रंगवायची, असे त्यांचे आयुष्य होते. इराणी हॉटेलातले एकटे गिऱ्हाईक, लोकलमधली गर्दी, गिरण्या बंद पडल्यानंतरचे लोअर परळ हे त्यांचे विषय. त्यांच्या चित्रांत सेझानचे घट्ट आकार आणि ब्रॉइगेलची गजबज ओळखता येते. १९८१ साली 'प्लेस फॉर पीपल' हे गाजलेले प्रदर्शन मुंबई-दिल्लीत झाले, त्यातल्या सहा चित्रकारांत भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी यांच्याबरोबर तेही होते. अमूर्त चित्रांची चलती असताना या मंडळींनी माणसाला चित्रात परत आणले.

आपण रंगवलेल्या माणसांना त्या चित्रांत स्वतःची प्रतिमा दिसावी, ही इच्छा पटवर्धनांनी उमेदीच्या काळातच मांडली होती. पण लोकलमधला माणूस जहांगीर कलादालनात जातो कुठे? या पेचावर उपाय म्हणून त्यांनी २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय चित्रांचे एक फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून नेले. बाबूरावांना समोर माणूस मिळाला, पण त्याला काय आवडेल याचे दडपणही आले. पटवर्धनांना हवे ते रंगवण्याची मोकळीक मिळाली, पण समोरचा माणूस शोधत निघावे लागले. दोन्ही गोष्टी एकदम पदरात पडलेला चित्रकार विरळा.

आजच्या कोल्हापुरात दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन, कलामंदिर अशा संस्थांतून दरवर्षी मुले शिकून बाहेर पडतात. टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार'च्या मैफलीत गाणे चालू असताना चित्रकार लोकांसमोर कॅनव्हास रंगवतात. दुसरीकडे चौकाचौकांतली हाताने रंगवलेली पाटी गेली आणि फ्लेक्स आला. तंत्र स्वस्त झाले म्हणून फ्लेक्स आला, एवढेच खरे नाही. फ्लेक्सवर ज्याचा फोटो आहे, तोच त्याचा मुख्य प्रेक्षक असतो. वाढदिवसाचे ते चित्र रस्त्यावर टांगलेले असले तरी रस्त्यावरच्या माणसासाठी नसते. या अर्थाने फ्लेक्स दरबारी व्यक्तिचित्राचाच वारस आहे. फरक इतकाच, की शाहू महाराजांनी आश्रय दिलेला चित्रकार दरबार सोडून रंकाळ्यावर जाऊन बसू शकत होता आणि महाराज त्याला बसू देत होते.

म्हणून समकालीन चित्र पाहताना 'याचा अर्थ काय' हे विचारण्याआधी तीन साधे प्रश्न विचारावेत. हे कुणाच्या पैशाने झाले? हे कुठून पाहायचे ठरवले आहे? आणि यात जो दिसतो, तो कधी याच्यासमोर उभा राहणार आहे का? आबालालांच्या पाण्याला, बाबूरावांच्या कुणब्याला आणि कांबळ्यांच्या बॅनरला हे तीन प्रश्न लावले की तिन्हींतली धडपड उलगडते. आज कोल्हापुरातल्या कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला शैली कोणती घ्यावी हा पेच फारसा पडत नाही. जगभरच्या शैली त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. आपला माणूस कोणता आणि तो भेटतो कुठे, हे मात्र त्याचे त्यालाच शोधावे लागेल. बाबूरावांना ते शोधायला कॅमेरा घडवावा लागला होता.